मांजर, वाडा आणि मयत: मांजरांच्या कोझी रहस्यकथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या चिमणपुऱ्यात माझ्याकडून पुस्तकं वाचायला नेणारी मंडळी बरीच आहेत. कपाटातला एक अख्खा खण मांजरांच्या रहस्यकथांनी भरलाय. पुस्तक हातात घेऊन मागचं-पुढचं पान बघताना सगळे साधारण तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. खुनी कोण हे कुठेही फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

कोझी मिस्टरी म्हणजे नेमकं काय?

खून होतो, पण रक्ताचं थारोळं दिसत नाही. प्रेत सापडतं, दोन ओळींत त्याचं वर्णन उरकतं आणि लेखिका चहा टाकायला निघून जाते. तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते. ती ग्रंथपाल असेल, बेकरी चालवत असेल, पोस्टात बसत असेल. गाव लहान आणि सगळे सगळ्यांना ओळखणारे. शिवीगाळ नाही, पलंगावरचे प्रसंग दाराबाहेरच थांबतात. शेवटी खुनी सापडतो आणि गावाची विस्कटलेली घडी परत बसते.

या घराण्याची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. तिची पहिली कादंबरी १९३० सालची. सेंट मेरी मीड या खेड्यात विणकाम करत बसलेली म्हातारी माणसांचे स्वभाव ओळखून खुनी पकडते. पुढे अमेरिकेत या प्रकाराचं मोठं पीक आलं. १९८९ पासून तिथे अशा कथांसाठी ख्रिस्तीच्या नावाचे पुरस्कारही दिले जातात. मांजर या घरात जरा उशिरा शिरलं, पण शिरल्यावर उठायचं नाव घेईना.

मांजरच का? कुत्रा जास्त हुशार नाही का?

कुत्रा हुशार आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. वास आला की भुंकणार, चोर दिसला की धावणार. अशाने पन्नासाव्या पानावर पुस्तक आटोपेल. मांजराला सगळं ठाऊक असतं आणि सांगायची अजिबात घाई नसते. रहस्यकथेला असाच साक्षीदार हवा.

दुसरं कारण म्हणजे त्याला कुठेही जाता येतं. ते शेजारच्या स्वयंपाकघरात दिसलं तर कुणी चौकशी करत नाही. बंद खोलीत ते कपाटावर बसलेलं असतं आणि माणसं त्याच्यादेखत वाट्टेल ते बोलतात. आपल्या पेठांतून तर मांजर एका घरचं नसतंच. सकाळी एकीकडे दूध, दुपारी दुसरीकडे बांगड्याचं डोकं, रात्री तिसऱ्याच्या माळ्यावर झोप. चार घरी चार नावं. इतकं अचूक माहितगार पात्र लेखकाला आयतं मिळतं.

पण मांजर गुन्हा उकलतं म्हणजे करतं काय? बोलतं का?

ते पुस्तकागणिक बदलतं, आणि तुम्हाला काय आवडेल तेही यावरच ठरतं. माझ्या लेखी चार तऱ्हा आहेत.

पहिल्या तऱ्हेत मांजर फक्त मांजर असतं. लिलियन जॅक्सन ब्राउनच्या मालिकेतला कोको हा सयामी बोका शेल्फवरून नेमकं एखादं पुस्तक पाडतो, बंद कपाटापाशी हटून बसतो, मध्यरात्री खर्जात ओरडतो. त्याचा मालक क्विलरन हा वार्ताहर. तो कोकोकडे बघतो, क्विलरनच्या झुबकेदार मिशा शहारतात आणि त्याला काहीतरी सुचतं. कोकोला खरंच कळत होतं की त्याला फक्त पुस्तकाच्या बांधणीतल्या सरसाचा वास आवडला, हे लेखिका कधीच पक्कं सांगत नाही. मला हीच तऱ्हा सर्वांत आवडते.

दुसरीत प्राणी आपापसांत बोलतात, पण माणसांना ते ऐकू येत नाही. रिटा मे ब्राउनची मालिका या जातीची, आणि तिच्यावर सहलेखिका म्हणून तिच्या मांजरीचं, स्नीकी पाय ब्राउनचं नाव छापलेलं असतं. नायिका हॅरी ही व्हर्जिनियातल्या क्रोझे गावची पोस्टमास्तरीण. १९९० सालच्या पहिल्या पुस्तकात लोकांना थडग्यांची चित्रं असलेली पोस्टकार्डं येतात आणि मागोमाग त्यांचे खून पडतात. पोस्टमास्तरीण कार्डं वाचते, हे तर उघडच आहे. पूर्वी आपल्याकडेही कुणाच्या मुलीचं कुठे जमलं हे पोस्टमनला मुलीच्या मामाआधी कळायचं. तिची मिसेस मर्फी ही मांजर आणि टकर ही कॉर्गी कुत्री दोघी मिळून खुन्यापर्यंत पोहोचतात. मग या बावळट माणसांना ते कसं समजवायचं, यावर त्यांचं डोकं शिणतं. यातली गंमत खरी आहे.

तिसरीत मांजर चक्क माणसांशी बोलतं. शर्ली रूसो मर्फीचा जो ग्रे हा करडा बोका १९९६ च्या पहिल्या पुस्तकात एका गल्लीत खून बघतो, आणि मग आपल्याला माणसांची भाषा येते हा साक्षात्कार त्याला पचवावा लागतो. पुढच्या भागांत तो पोलिसांना निनावी फोन करून माहिती पुरवतो. पंजाने फोनचा रिसीव्हर पाडून नंबर फिरवणारा बोका ज्याला चालतो, त्याची करमणूक पुरेपूर होते.

चौथी जादूची. सोफी केलीच्या मालिकेत एका ग्रंथपालबाईची दोन मांजरं आहेत. एक भिंतीतून आरपार जातं आणि दुसरं अदृश्य होतं. इथे माझी सहनशक्ती संपते, पण आमच्या समोरच्या वहिनींना हीच मालिका सर्वांत प्रिय आहे. त्या पुस्तक वेळेवर परत आणतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

सुरुवात कुठून करू?

लिलियन जॅक्सन ब्राउनच्या 'द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स'पासून. साल १९६६. क्विलरन संसार मोडलेला, दारूतून कसाबसा बाहेर पडलेला, पन्नाशीकडे झुकलेला पत्रकार आहे. एकेकाळी गुन्हेगारीच्या बातम्यांत त्याचं नाव होतं, आता पोटासाठी चित्रकलेवर लिहायची वेळ आलीये आणि चित्रांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. तो ज्याच्या घरात भाड्याने राहतो त्या खडूस कलासमीक्षकाचा बोका म्हणजे कोको; क्विलरनकडे तो नंतर येतो. तेराव्या शतकातल्या एका चिनी चित्रकाराचं नाव त्याला दिलंय. वर्तमानपत्राचे मथळे तो उलटे, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, नाकाने हुंगत 'वाचतो'. पुस्तक लहानसं आहे, दोन-तीन संध्याकाळींत होतं.

दुसरं पुस्तक १९६७ चं. त्यात यम यम ही मांजरी येते आणि कुटुंब पुरं होतं. पुढे क्विलरन महानगर सोडून मूस काउंटी नावाच्या काल्पनिक आडगावी जातो. 'सगळ्यापासून चारशे मैल उत्तरेला' अशी त्या जागेची ओळख लेखिकाच करून देते. ज्यांना गाव, गप्पा, जुनी घरं आणि बर्फ आवडतो त्यांना खरी मजा तिथून पुढे येते.

लिलियन ब्राउनबाईंनी मध्ये लिहिणं थांबवलं होतं असं ऐकलं. खरं का?

खरं. आणि ती हकीकत सांगण्यासारखी आहे. बाई डेट्रॉइटमध्ये वर्तमानपत्रात काम करायच्या. त्यांची लाडकी सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून गेली. कुणीतरी मुद्दाम ढकललं असा संशय होता. ते दुःख मनातून जाईना म्हणून त्यांनी एक लघुकथा लिहिली, आणि त्या कथेतून पुढे सगळी मालिका उभी राहिली. १९६६, ६७ आणि ६८ अशी ओळीने तीन पुस्तकं आली. मग बाजाराची हवा बदलली. प्रकाशकांना मारधाड आणि उघडंवाघडं हवं होतं, मांजरवाल्या सभ्य कथेला गिऱ्हाईक नाही असं ठरलं. चौथं पुस्तक आलं थेट १९८६ मध्ये. अठरा वर्षांचा खंड! तोवर बाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. त्यानंतर २००७ पर्यंत मालिका २९ कादंबऱ्यांवर गेली. २०११ मध्ये त्या गेल्या तेव्हा ९७ वर्षांच्या होत्या.

शेवटची चार-पाच पुस्तकं नाही वाचलीत तरी चालेल. त्यांत गोष्ट विरळ होत जाते, खून कोपऱ्यात पडून राहतो आणि मांजरांच्या जेवणाचा तपशील तेवढा वाढतो.

क्रमाने वाचायलाच हवं का?

ब्राउनमध्ये पहिली चार क्रमाने वाचा, पुढे हाताला लागेल ते. जो ग्रे मात्र क्रमानेच.

मांजराला काही होतं का? तसं असेल तर मी वाचणार नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खुनाबद्दल तसं कुणीच विचारत नाही, हे नोंदवून ठेवतो. नायकाच्या मांजराला काही होत नाही. या प्रकारातला हा अलिखित करार आहे. माणसं पटापट मरतील, पण मांजर कोंडलं गेलं, हरवलं, भिजलं तरी शेवटच्या प्रकरणात सुखरूप उशीवर असतं. आपल्याकडे मांजर मेलं हातून तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं असं म्हातारी माणसं सांगायची. या लेखिकांनी ते ऐकलेलं नसणार, पण पापभीरूपणा तोच.

एक अपवाद ध्यानात ठेवा. १९८९ मध्ये जर्मनीत 'फेलिडे' नावाची कादंबरी आली. तिच्यात मांजरच गुप्तहेर आहे आणि खूनही मांजरांचेच होतात. मुखपृष्ठ बघून कुणी ती कोझी समजून उचलेल. ती कोझी नाही, चांगलीच क्रूर आहे. मांजर कुशीत घेऊन वाचू नये अशी.

एवढ्याशा गावात इतके खून कसे पडतात?

या शंकेला नावसुद्धा आहे. १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं अमेरिकन दूरदर्शनवर एका लेखिका-गुप्तहेराची मालिका चालली. ती घडते कॅबट कोव्ह या चिमुकल्या गावात. दर आठवड्याला मुडदा. लोक गमतीने याला कॅबट कोव्ह सिंड्रोम म्हणू लागले. आपल्याकडे असं झालं असतं तर पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत फ्लॅटचे भाव कोसळले असते आणि शाहूपुरीतले लोक पोरांना घेऊन पुण्याला पळाले असते.

पण हे वास्तव म्हणून वाचायचंच नसतं. वगात राजा येतो, प्रधान येतो, राजवाडा कुठला असं कोण विचारतं? तसंच हे. आपल्याला रस असतो तो कुणाचं कुणाशी पटत नाही, म्हाताऱ्याने घर कुणाच्या नावावर केलं, जुन्या दुकानात नवी सून काय बदल करते यांत. खून हे फक्त सगळ्यांच्या घरात डोकावायचं निमित्त.

मांजराच्या मदतीने खुनी सापडतो ही फसवणूक नाही का?

चांगला प्रश्न आहे, आणि तो जुनाही आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम घातले. तो स्वतःही रहस्यकथा लिहायचा. त्यातला एक नियम असा की निव्वळ योगायोगाने गुप्तहेराला मदत होता कामा नये, आणि कारण सांगता येणार नाही असा अंतःसाक्षात्कार होऊन तो खरा ठरता कामा नये. मांजर म्हणजे काय? योगायोग, चार पायांवर! नॉक्ससाहेबांनी कोकोला दारातूनच हाकललं असतं.

यावर मी एक कसोटी ठेवलीय. पुस्तक संपलं की त्यातून मांजर काढून टाकून बघायचं. तरीही पुरावा पानांवर होता का? शहाण्या माणसाला तो जोडता आला असता का? आला असता, तर मांजराने फक्त बोट दाखवलं, पुस्तक सचोटीचं. नसता आला, तर लेखिकेने आळस केला आणि बिल मांजराच्या नावावर फाडलं. १९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये ख्रिस्तीने पाद्र्याच्या घरचं एक मांजर वापरलंय. नाव असीरियाच्या राजाचं, टिगलाथ पिलेसर. त्याचा वापर बघा. इतका नेटका आहे की बाकीच्यांनी शिकवणी लावावी.

आणि एक गोष्ट मला मुळीच खपत नाही. खुनी घरात आला की मांजर फिस्कारतं आणि पाठीची कमान करतं, की झाला निकाल. खरं मांजर असं करत नसतं. जो माणूस त्याच्याकडे टक लावून बघत नाही, हात पुढे करत नाही, चुचकारत नाही, त्याच्याच मांडीवर ते जाऊन बसतं. म्हणजे मांजरांचा तिटकारा असलेला खुनी निवांत चहा पीत असेल आणि मांजर त्याच्या मांडीवर घुरघुरत असेल. असं लिहिणारी लेखिका मिळाली की मी तिची बाकीची पुस्तकं शोधायला लागतो.

वाचताना खुनी आधीच ओळखायचा असेल तर कुठे लक्ष ठेवू?

मांजर ज्या वस्तूशी खेळतं तिच्याकडे. लेखिका गंमत म्हणून एक परिच्छेद घालते, मांजराने बटण पळवलं, पावती चघळली, सोफ्याखाली काहीतरी ढकललं. वाचक हसतो आणि पुढे जातो. लपवायची सर्वांत सोपी जागा म्हणजे विनोद. तिथे पेन्सिलीने खूण करा (माझ्या पुस्तकात नको).

जो मदतीला फार तत्पर असतो त्याच्याकडेही बघा. ज्याचं सगळ्यांशी भांडण आहे तो बहुधा पहिला बळी असतो, तेव्हा त्याच्यावर संशय घेण्यात वेळ घालवू नका.

माझं इंग्रजी बेताचं आहे. झेपेल का?

झेपेल. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, आणि अडलेला शब्द बहुतेक वेळा फर्निचरचा किंवा खाण्याचा असतो. तो सोडला तरी खून कळतो. फक्त काळ्या बोक्याच्या, मिडनाइट लुईच्या वाटेला लगेच जाऊ नका. कॅरोल नेल्सन डग्लसचा हा बोका लास व्हेगासमध्ये राहतो आणि काही प्रकरणं स्वतः सांगतो, तीही जुन्या अमेरिकन डिटेक्टिव्हच्या टग्या भाषेत. मजा फार आहे, पण ती त्या भाषेतच आहे. पहिलं पुस्तक १९९२ चं. चार-पाच सोपी वाचून झाली की त्याला हात घाला.

अगदी नवख्यांना मी मिरांडा जेम्सची मालिका देतो. मिसिसिपीतला विधुर ग्रंथपाल आणि त्याचा डीझेल नावाचा बोका. मेन कून जातीचा, चांगला धिप्पाड, पट्टा बांधून मालकाबरोबर कामावर जाणारा. पहिलं पुस्तक २०१० चं. भाषा आजची, वेग संथ, माणसं सज्जन.

मराठीत असं काही आहे का?

हुबेहूब असं नाही. आपली रहस्यकथा वाढली ती बाबूराव अर्नाळकरांच्या हाताखाली. काळापहाड, झुंजार, वेषांतर, पिस्तूल, मोटारींचा पाठलाग. एका बैठकीत संपणारं पुस्तक आणि वाचनालयात त्यासाठी रांग. त्या वेगात मांजराला बसायला जागाच नव्हती. ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत, सत्यजित राय यांचा फेलूदाही आलाय. कोझीची गोडी लागली की नाही हे तपासायला मिस मार्पलचा मराठी अनुवाद हा सोपा मार्ग.

साताऱ्यात ही पुस्तकं मिळतात का?

दुकानात विचारलंत तर ख्रिस्ती मिळेल, मांजरवाली बाई मिळणार नाही. ऑनलाइन मागवा किंवा ई-पुस्तक घ्या. ब्राउनच्या जुन्या खिशात मावणाऱ्या आवृत्त्या पुण्यामुंबईच्या रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडतात, पिवळ्या पानांच्या, कुणा परदेशी प्रवाशाचं नाव आत लिहिलेल्या.

भिलारबद्दलही विचारतात. पाचगणीजवळचं ते पुस्तकांचं गाव मे २०१७ मध्ये सुरू झालं. घराघरांत, देवळात, शाळेत विषयवार पुस्तकं ठेवलीत. कुठेही बसा आणि वाचा, कुणी उठवत नाही. तिथला भर मराठी पुस्तकांवर आहे, त्यामुळे कोकोच्या शोधात जाऊ नका. पण गाव स्वतःच एखाद्या कोझीतलं वाटावं असं आहे. पायरीवर एखादं मांजर, आत कपाटभर पुस्तकं, मागे स्ट्रॉबेरीचं शेत. फक्त मुडद्याची कमी. (भिलारकरांनी हलकेच घ्यावं.)

जपानी मांजरांची पुस्तकं आता सगळीकडे दिसतात. ती हीच का?

बहुतेक नाहीत. ती मन हलकं करणारी, कॅफे आणि आठवणींची पुस्तकं आहेत, त्यांत गुन्हा नसतो. पण जपानमध्ये खरी मांजर-रहस्यकथा केव्हाची आहे. जिरो अकागावाने १९७८ मध्ये होम्स नावाच्या तिरंगी मांजरीची मालिका सुरू केली. तिच्यासोबतचा पोलीस कातायामा रक्त बघितलं की गळपटतो आणि बायकांसमोर त्याची गाळण उडते. गुन्हेतपासाला इतका नालायक माणूस निवडला, की अक्कल मांजरीकडे असणं ओघानेच आलं.

साताऱ्यात घडणारी अशी कादंबरी कुणी लिहिली तर?

यावर आमच्याकडे संध्याकाळच्या संध्याकाळी जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

जागा: यादोगोपाळ पेठेतला जुना वाडा. खाली तीन बिऱ्हाडं, वर मालक, मागे विहीर. बिल्डर रोज येऊन जातोय आणि भाऊबंदांत सह्यांवरून बोलणं बंद आहे. काळ श्रावणातला. साताऱ्याचा पाऊस एकदा लागला की अजिंक्यतारा आठ-आठ दिवस ढगातून तोंड काढत नाही, वळचणीला टांगलेले कपडे वाळत नाहीत आणि माणसं घरातच कोंडलेली असतात. इंग्रजी लेखकांना यासाठी बर्फाचं वादळ आणावं लागतं.

मांजर: वाड्याची, कुणाचीच नाही. वरच्या काकू तिला सोनी म्हणतात, मागच्या बिऱ्हाडातली पोरं वाघी म्हणतात, विडी ओढत पायरीवर बसणारे आजोबा नुसतं 'ए भवाने' म्हणतात. ती तिन्हीला उत्तर देते.

आता पुरावे. इथे मांजराबद्दलची खरी माहिती कामाला येते, आणि पुण्यामुंबईच्या लेखकांनी अजून ती वापरलेली नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या ग्राहीसाठी लागणारं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. समजा, नारळीपौर्णिमेच्या दिवशी मालकांचा मृत्यू होतो. त्यांच्या वाटीतल्या पाकात काहीतरी कालवलं होतं असा संशय आहे, पण वाटी लख्ख. पुतण्या सांगतो, 'काका पडले तेव्हा वाटी लवंडली, सगळा पाक मांजरीने चाटून टाकला.' सगळे मान हलवतात. मांजर आहे, चाटणारच. फक्त खालच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त जीवशास्त्राच्या बाई मान हलवत नाहीत. नुसत्या साखरेच्या पाकासाठी ती मांजर जागची हलली नसती. कंदी पेढा असता तर गोष्ट वेगळी, त्यात खवा आहे, आणि खव्यातल्या तुपाच्या वासाने ती माळ्यावरून उतरली असती. म्हणजे वाटी कुणीतरी धुतली.

दुसरा पुरावा आमच्या गोतावळ्यातल्या एका आत्यांनी सुचवला. एक साक्षीदार शपथेवर सांगतो की त्या रात्री त्याने जिन्यात तिरंगी बोका बघितला, म्हणून आवाज झाला. केशरी, काळा आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि केशरी व काळा दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका जन्मतो, पण अगदी क्वचित. साक्षीदाराने मांजर बघितलंच नाही, ऐनवेळी बनवून सांगितलं, आणि बनवताना बोका म्हणून बसला.

या दोन्ही ठिकाणी सोनी उर्फ वाघी उर्फ भवाने काहीच करत नाही. ती मांजर आहे, बस्स. नॉक्ससाहेबांचीही हरकत उरत नाही. कुणी लिहिणार असेल तर कल्पना फुकट आहे, एक प्रत आणून द्यावी.

आमच्या घरचं मांजर रात्री भांडी पाडतं. त्याला काही सांगायचं असेल का?

भूक लागली असं सांगायचं असेल. आमच्याकडचा बोका पहाटे ओट्यावर चढतो, स्टीलच्या फुलपात्राला उजव्या पंजाने एक टिचकी मारतो आणि थांबून माझ्या खोलीच्या दाराकडे बघतो. दार उघडलं नाही तर अजून एक टिचकी. फुलपात्र कडेवर येतं, तो पुन्हा दाराकडे बघतो. तिसऱ्या टिचकीला ते खाली. आवाज विरायच्या आत तो ओट्यावरून उतरून स्वतःच्या ताटलीपाशी शेपूट गुंडाळून बसलेला असतो, जणू फुलपात्राशी त्याचा कधी संबंधच नव्हता. क्विलरन असता तर त्याने फुलपात्रावर कोरलेलं नाव वाचून आजोबांच्या इस्टेटीचा घोळ शोधून काढला असता. मी ताटली भरतो.

बाकी मांजराची इंद्रियं गुप्तहेरासारखी आहेत हे खरं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. भिंतीतल्या उंदराची बरीचशी चिरचिर आपल्या कानांना कळतच नाही. म्हणून ते कोऱ्या भिंतीकडे टक लावून बसलं तर त्यात भुताटकी नसते. घूस असू शकते.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना देऊ का?

लिलियन ब्राउन द्या, हरकत नाही. रिटा मे ब्राउनच्या पुस्तकांत गावातली लफडी आणि राजकारण बरंच येतं, ती मोठ्यांसाठी ठेवा.

सलग वाचली की सगळी सारखी वाटतात. माझं काही चुकतंय का?

नाही, ती आहेतच सारखी. दोघांच्या मध्ये एखादं वेगळं पुस्तक घाला. ही पुस्तकं पावसाळ्यात, आजारपणातून उठताना, एसटीच्या लांबच्या प्रवासात जास्त लागू पडतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मोतीबिंदूच्या दोन ऑपरेशनांमधल्या काळात नातीकडून अख्खा कोको वाचून घेतला. नातीला अजून मूस काउंटीचा नकाशा तोंडपाठ आहे.

मला मांजरं अजिबात आवडत नाहीत. तरी वाचू का?

वाचा. क्विलरनलाही सुरुवातीला मांजर नकोच होतं. तरीही जमलं नाही तर क्रोझेच्या पोस्टात जा. टकर ही कुत्री तिथे मांजरांना टोमणे मारायची एकही संधी सोडत नाही, तुमची बाजू ती घेईल. त्या मालिकेचे पहिले दोन भाग सध्या बाहेर गेले आहेत, परत आले की कळवतो.